फळ्याच्या कोपऱ्यातला ३३

२३ जानेवारीला बडोद्यातल्या आमच्या शाळेत नेताजींची जयंती असायची. प्रार्थना, तसबिरीला हार, एखाद्या मुलाचं पाठ केलेलं भाषण, आणि मग तास सुरू. आठवीत असताना त्या दिवशी मराठीच्या बाई वर्गात आल्या, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी ३३ लिहिलं आणि भोवती चौकट काढली. आम्ही सगळ्यांनी भराभर पुस्तकाचं तेहतिसावं पान उघडलं. बाई म्हणाल्या, "पुस्तकं मिटा. हे वय आहे."

वय राम गणेश गडकऱ्यांचं. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला ते गेले, तेव्हा चौतीस पुरी व्हायला चार महिने होते. जन्म नवसारीचा, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानातला. हे ऐकून आमच्या माना ताठ झाल्या. पण बाईंना सांगायचं होतं ते पुढचं. त्यांचं 'एकच प्याला' हे नाटक लिहून तयार होतं. गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला तो २० फेब्रुवारीला, आणि तो पुण्यात नाही, मुंबईत नाही, आपल्या बडोद्यात. गडकऱ्यांना जाऊन २८ दिवस झाले होते. बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडसांचा सुधाकर. "ज्याने लिहिलं त्याने ते पाहिलं नाही. आपल्या गावाने पाहिलं," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन विचारा, कोणी पाहिलंय का."

मी घरी जाऊन विचारलं. माझ्या आजोबांनी गंधर्वांची सिंधू पाहिली होती, पण तो पहिला प्रयोग नव्हे, कंपनीच्या पुढच्या कुठल्या तरी मुक्कामातला. दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी धोतराचा सोगा हातात धरला आणि सिंधूच्या लुगड्याला कुठे ठिगळ होतं ते मला दाखवलं. पन्नास वर्षांनंतरही त्यांना ठिगळाची जागा आठवत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि शोकसभेच्या फळ्यावर लिहितात ते वाक्य म्हणाला, "बाई, जो आवडतो सर्वांना तोचि आवडे देवाला." एरवी आवाज न चढवणाऱ्या आमच्या बाई त्या दिवशी चिडल्या. "देवाला काय आवडतं ते मला माहीत नाही. आपल्याला ते हवे होते. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, एकोणचाळिसाव्या वर्षी. प्लेग सुंदर नसतो. बालकवी सत्ताविसाव्या वर्षी रेल्वेच्या रुळांवर गेले. त्यातही काही काव्य नाही. कवी लवकर जातो ते कवितेमुळे, असं माझ्या वर्गात कोणी म्हणायचं नाही."

आज मागे वळून पाहताना वाटतं, शाळेने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. त्या वयात आम्हाला अकाली मरणाचं आकर्षण वाटत होतं. दोन-चार जण वहीच्या शेवटच्या पानावर कविता करत होते आणि आपणही फार जगणार नाही, असं एकमेकांना हळूच सांगत होते. मीही त्यातला. बाईंनी ते एका तासात पुसून टाकलं आणि त्या जागी हिशेब मांडला. केशवसुतांच्या कवितांचं पुस्तक निघालं १९१७ मध्ये, ह. ना. आपट्यांनी काढलं, कवी जाऊन बारा वर्षं झाली होती. गडकऱ्यांची 'वाग्वैजयंती' १९२१ ची. दोघांनीही आपल्या कवितांचं पुस्तक हातात धरलं नाही. 'भावबंधन' हे नाटक गडकऱ्यांनी मरणाच्या दारात पुरं केलं, 'राजसंन्यास' अपुरंच राहिलं. शोक करायचा तर तो असा नेमका करायचा, काय गेलं ते मोजून.

त्यानंतर फळ्याच्या कोपऱ्यात आकडे येत राहिले. २९ नोव्हेंबरला ४५, माधव ज्यूलियन. जन्म बडोद्याचा, म्हणून त्यांच्यावर बाईंचा विशेष जीव. 'छंदोरचना' हा त्यांचा वृत्तांवरचा जाड ग्रंथ त्या दोन्ही हातांनी उचलून वर्गाला दाखवायच्या. २० मार्चला ४६, मर्ढेकर. ५ मे मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचा. म्हणून बाई शाळेच्या शेवटच्या दिवशीच २७ लिहायच्या आणि म्हणायच्या, "बालकवी सुट्टीत जातात. घरी विसरू नका."

गुजराती शिकवणाऱ्या सरांच्या कानावर हे गेलं. एके दिवशी बाईंनी लिहिलेला आकडा त्यांनी तसाच राहू दिला आणि त्याच्या खाली स्वतः २८ लिहिलं. रावजी पटेल. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा कवी, १९६८ मध्ये क्षयाने गेला. सर म्हणाले, टीबीवर औषध निघून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, तरी गेला. 'अंगत' हा त्याचा कवितासंग्रह आला तो गेल्यावर. मग सरांनी त्याचं मरणाचं गीत वर्गात म्हटलं, ज्यात डोळ्यांत कुंकवाचे सूर्य मावळतात. आम्हा मराठी मुलांना त्यातले निम्मे शब्द अडले. अर्थ कोणालाच विचारावा लागला नाही.

हे सगळे आमच्या जन्माआधी गेलेले, किंवा आम्हाला काही कळण्याआधी. जिवंत माणूस जाणं वेगळं असतं, हे मला १९७६ च्या एप्रिलमध्ये कळलं. तेव्हा मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून चिं. त्र्यं. खानोलकर आणत होतो. तिथल्या पोलादी मांडण्या आणि काचेच्या तक्तपोशी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना कळेल मी काय म्हणतो. वर कोणी चाललं की खाली पुस्तकांवर पुसट सावली सरकायची. 'रात्र काळी, घागर काळी' झालं होतं, 'कोंडुरा' झालं होतं, आरती प्रभू या नावाने लिहिणारा कवी तोच हे कळून मी चकित झालो होतो. दर महिन्याला खिडकीशी जाऊन विचारायचो, "खानोलकरांचं नवीन काही आलं का?" तिथले काका न कंटाळता रजिस्टर पाहायचे.

२६ एप्रिलला खानोलकर गेले. सेहेचाळीस वर्षांचे. मुंबईचा पेपर आमच्याकडे गाडीने उशिरा यायचा, तेव्हा कळलं. मला रडू आलं नाही, आणि त्याचीच लाज वाटली. जूनमध्ये ग्रंथालयात गेलो, खिडकीशी उभा राहिलो, सवयीने तोंड उघडलं आणि विचारायला काही उरलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि तरीही रजिस्टर उघडलं. तिथे मी रडलो. दोन वर्षांनी त्यांच्या 'नक्षत्रांचे देणे' या कवितासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा मी कॉलेजात होतो. बाईंना सांगायला मुद्दाम शाळेत आलो. बाई खूश झाल्या नाहीत. म्हणाल्या, "घ्यायला कोण गेलं असेल रे?"

नोकरीमुळे नागपूरला जाणं-येणं असतं. सुरतेहून भुसावळकडे जाताना जळगाव सुटलं की भादली हे लहानसं स्टेशन लागतं. बालकवी गेले ते इथेच, रूळ ओलांडताना. एक्सप्रेस थांबत नाही. पाटी वाचेपर्यंत मागे पडते. दिवसाची गाडी असेल तर मी दाराशी जाऊन उभा राहतो. 'औदुंबर' लिहिणाऱ्याचं वय माझ्या मुलीच्या आजच्या वयाहून कमी होतं. आठवीत ही सगळी मोठी माणसं वाटायची. आता 'राजसंन्यास'चे सुटे प्रवेश वाचताना, मधलं काहीच नाही असं पान येतं तिथे, मला घरातलं मूल गेल्यासारखं होतं.

बाई आज नाहीत. त्यांना भरपूर आयुष्य मिळालं. शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त काही लिहा असं शाळेने कळवलं तेव्हा पहिल्यांदा आठवला तो फळ्याचा कोपरा. शाळेकडे एकच मागणं आहे. येत्या २३ जानेवारीला, नेताजींना हार घालून झाला की, आठवीच्या फळ्यावर उजव्या कोपऱ्यात ३३ लिहावं, चौकटीत. मुलं पान उघडतील. उघडू द्यावं.