दोन नोडचं पान

मैत्रिणीच्या कवितांची छोटी पुस्तिका निघणार होती आणि तिला पानाच्या चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी हवी होती. कागदावर माझा हात बरा चालतो, म्हणून मी लगेच हो म्हटलं. तीच वेल आत अंगठ्याएवढी आणि मुखपृष्ठावर पानभर वापरायची, तेव्हा वेक्टरशिवाय गत्यंतर नव्हतं. वेक्टरमध्ये रेषेचं गणित साठवलेलं असतं, त्यामुळे चित्र कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. इंकस्केप हे वेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते मोफत आहे, आणि त्याची एसव्हीजी या वेक्टर प्रकारातली फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते.

पहिले चार दिवस पेन्सिल टूलमध्ये गेले. माऊस धरून वेलीचं पान काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. दुरून ठीक दिसायचं, पण मोठं करून पाहिलं की कडेला बारीक थरथर. नोड टूल घेऊन सगळं निवडलं तर खालच्या पट्टीत आकडा आला : ६३ नोड, म्हणजे रेषा ज्यांवरून जाते ते बिंदू. एका पानाला! एक नोड सरकवला की शेजारी फुगवटा, तो दाबला की पुढे खड्डा. सिम्प्लिफाय करून पाहिलं. नोड घटले, पण पानाचं टोकही बोथट झालं. कागदावरचं चित्र स्कॅन करून ट्रेस केलं, तिथेही नोडांची तीच गर्दी.

एका संध्याकाळी सहज एक वर्तुळ काढलं, ऑब्जेक्ट टू पाथ करून त्याची नोडांची रेषा केली आणि ते नोड पाहिले. फक्त चार. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येकाची हँडल्स, म्हणजे नोडमधून निघणाऱ्या ओढता येणाऱ्या दांड्या, अगदी आडवी किंवा अगदी उभी, लांबी त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के. अख्खा गोलावा एवढ्यात मावला होता. मी बराच वेळ ती हँडल्स ओढून, सोडून, पूर्ववत करून बघत बसले. रेषा नोडवरून जाते, पण तिला वळण देतं ते हँडल. हँडल जिकडे तोंड करून असेल तिकडे रेषा निघते, आणि ते जितकं लांब तितकी ती त्या दिशेला रेंगाळते. ही वक्ररेषा १९६०च्या दशकात रेनो कंपनीतले अभियंते पिअर बेझिए यांनी मोटारींच्या अंगाचे आकार आखण्यासाठी वापरात आणली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९मध्येच त्याच गणितावर काम सुरू केलं होतं. पत्र्याचं ते वळण आपल्या पानाफुलांना इतकं शोभावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसऱ्या दिवशी पेन टूलने पान काढलं. देठाशी एक नोड, टोकाशी एक, दोन्ही कोनाचे. मधली रेषा नोड टूलने धरून बाहेर ओढली, पोट खालच्या बाजूला भरलं, टोकाकडे निमुळतं केलं. झालं अर्धं पान. कंट्रोल-डी करून नक्कल, एच दाबून उलटी, दोन्ही कडा जुळवून कम्बाइन, म्हणजे दोन रेषांचा एकच आकार, आणि मग देठाचे दोन नोड एकत्र, टोकाचे दोन एकत्र. पूर्ण पान, दोन नोडांत. कडा अशी वळली होती की ती मी काढलीय यावर विश्वास बसेना.

फुलासाठी एकच पाकळी काढली. निवडलेल्या आकारावर पुन्हा क्लिक केलं की फिरवायचे बाण येतात आणि मध्ये एक बारीक ‘+’ चिन्ह दिसतं. ते पाकळीच्या बुडाशी नेऊन ठेवायचं, म्हणजे पाकळी तिथूनच फिरते. आठ पाकळ्या हव्यात तर प्रत्येक ४५ अंशांवर. कंट्रोल धरून फिरवलं तर १५-१५ अंशांचे टप्पे पडतात, म्हणजे तीन टप्पे. इथे डुप्लिकेटऐवजी क्लोन करावा असं मी आग्रहाने सांगेन. नंतर मूळ पाकळीचं टोक जरासं वाकवलं तर बाकीच्या सातही वाकल्या, आणि निर्जीव चक्रासारखं दिसणारं फूल एकदम उमललं.

वेल एकाच लांब रेषेची, तीन नोडांची. जाडी सगळीकडे सारखी असताना ती वायरसारखी दिसत होती. पॉवर स्ट्रोक हा पाथ इफेक्ट लावून रेषेवरचे ठिपके ओढले, बुडाशी जाड आणि शेंड्याला बारीक केली. पानं आलटून पालटून दोन्ही बाजूंना, शेंड्याकडे लहान होत गेलेली. रंग तीनच.

एक चूक मात्र उशिरा कळली. कोपरा लहान केल्यावर पानांच्या शिरा अचानक ठसठशीत दिसू लागल्या, कारण आकाराबरोबर रेषेची जाडी बदलायची सेटिंग बंद होती. ती सुरू करून सगळे कोपरे पुन्हा बसवावे लागले.

एक कोपरा पूर्ण झाल्यावर बाकीचे तीन क्लोन, एच आणि व्ही दाबून उलटवलेले. वरच्या बाजूला दोन्ही वेलींचे शेंडे एकमेकांना भिडत होते. पुस्तिकेच्या पानाच्या लांब बाजूला मात्र मधे रिकामी जागा राहिली. वेल ताणून पाहिली, तिचा डौल गेला. शेवटी ती होती तशी ठेवली आणि त्या जागेत आठ पाकळ्यांचं ते फूल लहान करून बसवलं.