तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रकारिता शिकायला मखांडाला का गेले?

"पत्रकारिता शिकायला आफ्रिकेत कशाला गेलीस?" लग्नकार्यात भेटणारी नातेवाईक मंडळी हे विचारतात आणि सोलापुरात माझ्याबरोबर जिल्हा पानावर काम करायला येणारी नवी मुलंही विचारतात. मुलांचा आणखी एक प्रश्न असतो, पत्रकारिता मुळात विद्यापीठात शिकून येते का? दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर एका गावात आहे.

ते गाव म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातलं मखांडा. २०१८ पर्यंत त्याला ग्रॅहम्सटाउन म्हणत. १८१२ च्या सुमारास खोसा लोकांना त्या मुलखातून हुसकून लावणाऱ्या ब्रिटिश कर्नलचं ते नाव. १८१९ मध्ये त्याच गावावर चालून गेलेल्या खोसा नेत्याचं नाव आता गावाला दिलंय. तिथे ऱ्होड्स विद्यापीठ आहे, आणि त्याच्या पत्रकारिता विभागामागे गावाचं स्वतःचं वर्तमानपत्र आहे. 'ग्रोकॉट्स मेल' १८७० मध्ये निघालं, आपल्या 'केसरी'च्या अकरा वर्षं आधी. २००३ मध्ये ते विद्यापीठाने विकत घेतलं. एवढ्याशा गावाचं वर्तमानपत्र जाहिरातींच्या जिवावर किती दिवस तग धरतं, हे जिल्हा पातळीवर काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. विद्यापीठ मागे उभं राहिलं म्हणून त्या गावाला नगरपालिकेच्या सभेत जाऊन बसणारं कुणीतरी उरलं. मी तिथे गेले ती यासाठी.

मी पोचले फेब्रुवारी २०१९ मध्ये, ऐन दुष्काळात. पश्चिमेकडची धरणं आटली होती आणि 'गिफ्ट ऑफ द गिव्हर्स' या मदतसंस्थेचे लोक टँकर घेऊन गावात आले होते. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात मी वाढले, त्यामुळे पाण्याची बातमी मला जमेल असं वाटलं होतं. वर्गासाठी लिहिलेल्या पहिल्याच बातमीचं पहिलं वाक्य होतं, 'दोन दिवसांनी गावात पाणी आलं.' माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण जोझात वाढलेली. विद्यापीठाकडून हाय स्ट्रीटने कॅथीड्रलवरून खाली गेलं की पलीकडे कृष्णवर्णीयांच्या वस्त्या सुरू होतात, त्यांतली ही एक. तिने कागद वाचला आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या गावात?"

पाणी आलं होतं ते विद्यापीठाच्या बाजूला. मी चौकशी केली होती ती याच बाजूच्या चार माणसांकडे, इंग्रजीत.

त्या एका प्रश्नाने मला जे शिकवलं, ते नोकरीत शिकायला किती वर्षं लागली असती कुणास ठाऊक. नोकरीत पान छपाईला सोडायची वेळ डोक्यावर असते. तुझं 'गाव' म्हणजे नेमकं कोण, हे विचारायला कुणी थांबत नाही. विद्यापीठ तेवढी उसंत देतं. मला विचाराल तर त्याचं काम तेच.

भाषेचंही तसंच. तिथे पत्रकारितेची पदवी घेणाऱ्या, खोसा न येणाऱ्या विद्यार्थ्यांना ती भाषा शिकावी लागते. माझी पदविका होती, सक्ती नव्हती, पण मी त्या वर्गात जाऊन बसायला लागले. त्या भाषेत 'सी' या अक्षराचा उच्चार म्हणजे आपण हळहळताना जिभेने काढतो तो 'च्च'. 'एक्स' म्हणजे गाडीवान बैलांना हाकताना गालाच्या बाजूने जीभ सोडवून काढतो तो आवाज. खोसा हा शब्दच त्या आवाजाने सुरू होतो, आपण 'ख' लिहितो ते नाइलाजाने. वर्षभरात मला मोडकंतोडकं बोलता आलं, जास्त नाही. पण जोझातल्या नळावर रांगेत उभ्या आजींना "अमान्झी?" म्हणजे "पाणी?" एवढं विचारलं तरी त्या पुढचं सगळं सांगायच्या आणि मैत्रीण मला उलगडून द्यायची. त्यानंतरच्या बातम्यांत मी 'गावात' हा शब्द एकटा कधी लिहिला नाही. कुठल्या भागात, कुठल्या नळाला, किती वाजता, हे सगळं येऊ लागलं.

हे फक्त मखांडातच होतं असं नाही. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात २००८ पासून 'विट्स जस्टिस प्रोजेक्ट' चालतो. न्याय न मिळालेल्या कैद्यांच्या प्रकरणांचा तिथले पत्रकार वर्षानुवर्षं पाठपुरावा करतात. पोलिसाच्या खुनासाठी जन्मठेप झालेल्या एका माणसाच्या खटल्याची कागदपत्रं मिळत नव्हती. तेही प्रकरण त्यांनी लावून धरलं. संविधान न्यायालयाने २०१५ मध्ये त्याची शिक्षा रद्द केली, तोवर त्याची अकरा वर्षं तुरुंगात गेली होती. कुठल्या दैनिकाला एका कैद्यासाठी इतका वेळ देणं परवडेल?

एक गोष्ट मात्र मला तिथेही खुपली. आम्ही विद्यार्थी नोव्हेंबरात निघून गेलो. पाण्याची रांग तिथेच राहिली. ज्यांच्या तोंडचे शब्द घेऊन आम्ही शिकलो, त्यांना दर फेब्रुवारीत नव्या चेहऱ्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. जोझातली मुलं जास्त संख्येने त्या वर्गात आल्याशिवाय हे सुटणार नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

मी सोलापुरात परतल्यावर, १४ जानेवारी २०२० ला, मखांडाच्या उच्च न्यायालयाचा निकाल आला. 'अनएम्प्लॉइड पीपल्स मूव्हमेंट' या बेरोजगारांच्या संघटनेने दावा लावला होता. नगरपालिकेने आपली घटनात्मक कर्तव्यं पार पाडलेली नाहीत, म्हणून नगर परिषद बरखास्त करून प्रशासक नेमावा, असा आदेश न्यायालयाने दिला. पुढे त्याविरुद्ध अपिलाच्या हालचाली सुरू झाल्या. निकाल आला त्याच रात्री मी जोझातल्या मैत्रिणीला फोन केला. ती घाईत होती, बातमी लिहीत होती. इंग्रजीतली मला पाठवशील का, असं मी विचारलं.

"थांबावं लागेल," ती म्हणाली. "आधी खोसात लिहितेय."