अगं, फेकलं की त्याला!

परवा झोप येईना म्हणून टीव्ही लावला तर आइसलंडच्या दक्षिणेला हेमाए नावाचं बेट आहे, त्यावरची डॉक्युमेंटरी चालू होती. बेट जेमतेम 13 चौरस किलोमीटरचं, वस्ती चारेक हजार, सगळा संसार मासेमारीवर. आईपण "पाच मिनिटं बघते" म्हणत येऊन बसली ती उठलीच नाही.

तिथे पफिन नावाचे समुद्रपक्षी असतात, चोच अशी रंगवलेली की लग्नाच्या बँडवाल्यांनी लाजावं. बिळात एकच अंडं घालतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पिल्लू रात्रीचं एकटंच बाहेर पडतं, सोबत ना आई ना बाप, आणि उजेडाच्या दिशेने समुद्र गाठायचा एवढंच त्याला उपजत माहीत, पण गावात दिवे लागलेले असतात ना, मग स्वारी थेट कोणाच्यातरी गाडीखाली. त्यात मांजरं. म्हणून त्या दिवसांत तिथली पोरं टॉर्च आणि पुठ्ठ्याचा खोका घेऊन मध्यरात्रीपर्यंत गल्लीबोळ पालथे घालतात. पिल्लाला ते पिस्या म्हणतात. मला आधी वाटलं आपलंच पीस!

सकाळी वजन करायचं, मग कड्यावर न्यायचं. एका सातआठ वर्षांच्या पोराने पिल्लू दोन्ही हातांत धरलं, पायांमधून एक झोका घेतला आणि दिलं वर भिरकावून.

"अगं, फेकलं की त्याला!" आई जवळजवळ ओरडलीच. तसंच करतात गं, पंख छोटे, वाऱ्यावर टाकलं की सोपं जातं, असं मी सांगितलं पण तिचा चेहरा काही सुधारेना.

हेच लोक पफिन पकडून खातातसुद्धा. कोंबड्या पाळणाऱ्या घरात वाढलेल्या आईला त्यात काही विशेष वाटलं नाही, मला मात्र उगाच वाटलं.

आणि हे गाव एकदा रिकामं झालं होतं. जानेवारी 1973, मध्यरात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटून लाव्हा. आदल्या दिवशी वादळ होतं म्हणून बोटी बंदरातच होत्या, नशीब! पाचेक हजार माणसं रात्रीतून निघाली. नंतर लाव्हा बंदर गिळायला निघाला तर त्याच्यावर समुद्राचं पाणी मारत बसले, महिनोन् महिने. बंदर वाचलं, शेकडो घरं गेली.

डॉक्युमेंटरी तोवर मेंढ्यांवर गेली होती. आई अजून तिथेच. "त्या पोराचं पिल्लू पाण्यात नीट उतरलं ना गं? दाखवलंच नाही यांनी."