गुलबक्षी ते सिकलसेल

जनुकशास्त्राची गोडी मला लागली ती शाळेच्या कुंपणालगतच्या गुलबक्षीमुळे. मेंडेलचे १८६६ साली प्रसिद्ध झालेले वाटाण्याचे प्रयोग आम्हाला पाठ होते: गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत साऱ्या बिया गोल, आणि दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या, म्हणजे जवळपास तीनास एक. प्रभावी जनुक अप्रभावी जनुकाला दडपून टाकते, अशीच आम्हा मुलांची समजूत झाली होती.

जीवशास्त्राच्या बाईंनी ती वेळीच दूर केली. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते, म्हणून शाळा सुटायच्या सुमारास त्यांनी आम्हाला थांबवून घेतले, लाल फुलाच्या उमलू घातलेल्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायला लावले आणि पांढऱ्या फुलाचे पराग तिच्या कुक्षीवर टेकवले. मिऱ्यासारखे काळे बी आम्ही कागदाच्या पुडीत जपले. पुढच्या वर्षी त्यातून उगवलेल्या झाडांना गुलाबी फुले आली. लाल रंगाचे एकच जनुक असले की रंगद्रव्य कमी तयार होते, एवढेच त्याचे कारण, हे बाईंनी तिथेच उभ्या उभ्या समजावले.

आज मी विदर्भात सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचे काम करतो. इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीच्या, पट्टीवर निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनची रेषा एका जागी दिसते, रुग्णाची दुसऱ्या जागी, आणि वाहकाच्या, म्हणजे आजाराचे एकच जनुक असलेल्याच्या, दोन्ही. आजार म्हणून पाहिले तर हे जनुक अप्रभावी, कारण वाहकाला सहसा त्रास होत नाही. हिमोग्लोबिन पाहिले तर दोन्ही जनुके सहप्रभावी, म्हणजे दोघांचाही परिणाम दिसतो. आणि काचपट्टीवर प्राणवायू काढून घेणारे रसायन घातले, तर वाहकाच्याही तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. जनुक तेच, प्रभाविता ठरते ती आपण काय पाहतो त्यावरून.

आजारी मूल जन्माला आले की अनेक घरांत बोल सुनेलाच लावला जातो, याचा मला फार त्रास होतो. अशा वेळी मी आई आणि वडील दोघांच्याही पट्ट्या सासूबाईंसमोर शेजारी शेजारी ठेवतो. दोन्हींवर दोन-दोन रेषा असतात, आणि आजार मुलात उतरायला ते जनुक दोघांकडूनही यावे लागते. वाहक जोडप्यासाठी ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते, आधीचे मूल निरोगी असो वा आजारी. म्हणून पुढच्या खेपेस दिवस राहताच गर्भाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला, असे मी दोघांनाही बसवून सांगतो.