सोयाबीनच्या प्लॉटमधली पायपीट, आणि 30 सेंमीच्या ओळींनी काढलेला घाम

हे सोयाबीनचे प्लॉट बघायला मला पाठवणारा म्हणाला होता की तासाभराचं काम आहे, काडाच्या मल्चिंगवरून (म्हणजे जमीन झाकायला पसरलेल्या काडावरून) चालायचं म्हणजे गादीवरून चालल्यासारखं. गादी म्हणे! पाच तास लागले, दोनदा आपटलो आणि अजून पोटऱ्या ओरडतायत, त्यामुळे खाली थोडी चिडचिड दिसली तर समजून घ्या.

दोन ओळींमधली तीन अंतरं होती, 30, 45 आणि 60 सेंमी. प्रत्येकात एक पट्टा उघडा, एक गव्हाच्या काडाचा, एक प्लास्टिकचा. पीक पंचावन्नेक दिवसांचं, शेंगा धरायला लागलेल्या.

45 च्या प्लॉटबद्दल काय लिहू, छान होता, वारा फिरतो, कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) जाईल एवढी जागा आहे, झालं.

आता 30 सेंमी अधिक काड. पाऊस पडून दोन दिवस झाले होते, बाकी सगळीकडे पानं सुकलेली आणि इथे अकरा वाजले तरी खालची पानं ओलीच. ओळी कधीच मिटलेल्या, पाय टाकायचा तर कुठे टाकतोय ते दिसत नाही, खाली ओलं काड सटकतंय, चष्म्यावर वाफ. गंमत म्हणजे गर्दी जास्त रोपांची नाहीये. इथे दोन रोपांत साडेसात सेंमी आणि 45 मध्ये पाच, गुणाकार केला तर दोन्हीकडे रोपामागे 225 चौरस सेंमीच, म्हणजे हेक्टरी साधारण 4 लाख 44 हजार रोपं. आकडा तोच, फक्त मांडणी वेगळी, पण ओळी लवकर मिटल्या की आत हवा कोंडते आणि दमट राहतं, बुरशीला अजून काय पाहिजे? पानं बाजूला करून काड उचललं तर खाली पांढरे धागे आणि तीन गोगलगायी आरामात बसलेल्या.

आणि एवढं करून थर्मामीटर पाच सेंमी खोल खुपसला तर काडाखाली आणि शेजारच्या उघड्या पट्ट्यात फरक जेमतेम एक अंश! सावली पानांनीच केलेली आहे, काडाला करायला काही उरलेलंच नाही. त्याचं काम पहिल्या महिन्यात असतं, जमीन उघडी असताना, पावसाच्या थेंबांनी वरचा थर घट्ट होऊ न देणं, तण दाबणं, ओल धरणं. त्यामुळे 30 चं मल्चिंग बघायचंच असेल तर पेरणीनंतर तीन आठवड्यांनी जा, रोपं घोट्याच्या वर असतात तेव्हा. नंतर गेलात तर नुसता घाम.

खरी मजा 60 ला. ओळींमध्ये ऊन थेट जमिनीवर पडतं, उघड्या पट्ट्यात भेगा आणि गुडघाभर तण, आणि दोन पावलांवर काडाखाली पाच-सहा अंश थंड, माती हाताने भुगा होणारी. एक रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी, म्हणजे हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळवून द्यायचं काम चालू. तिथे मी थकवा विसरलो, खरं सांगतो. पण भाळू नका, 60 ला काड नसेल तर तो नुसता तणाचा प्लॉट आहे.

काळं प्लास्टिक, माझं मत विचाराल तर उन्हाळी हवेत नकोच, रोपं लहान असताना खालची माती तापते. चंदेरी बरं, पण दुपारी डोळ्यांवर असं चमकतं की गॉगल लागतोच, आणि दोन्ही ओली असताना साबणासारखी.

म्हणून क्रम उलटा ठेवा, 60 आधी, मग 45, अंगात जोर उरला तर 30. जमिनीचं तापमान दुपारी एक ते तीनमध्ये घ्या, सकाळी सगळे पट्टे सारखेच वाटतात आणि मग लोक परत येऊन सांगतात की मल्चिंगचा काही फरक नाही. हवेचा थर्मामीटर उन्हात धरू नका, पानांच्या आत गुडघ्याच्या उंचीला लटकवा. पावसानंतर काडाच्या पट्ट्यात चार दिवस तरी जाऊ नका. आणि मातीचे थर्मामीटर दोन न्या, माझा एक अजून त्या 30 च्या काडात कुठेतरी पडलाय.