दोन तारे आणि फाडलेली पानं

कवितेच्या सरांवरचा ‘डेड पोएट्स सोसायटी’ हा हॉलिवूडचा सिनेमा आवडत नाही असं चारचौघांत म्हणून बघा. लोक अशा नजरेनं बघतात, जणू आपण त्यांच्या मास्तरांनाच शिवी दिली. रॉजर ईबर्टनं हे धाडस १९८९ मध्येच केलं. अमेरिकेतला वजनदार समीक्षक, पण चारपैकी दोन तारे देऊन मोकळा झाला. त्याचा मुद्दा साधा होता : खऱ्या मोठ्या शिक्षकाकडे कविता शिकलेली मुलं कवितेवर प्रेम करतील, ही मुलं प्रेम करतात ते फक्त सरांवर.

वाचून आधी रागच येतो. मग सिनेमा पुन्हा बघितला की पंचाईत होते, कारण माणूस चुकीचं बोलत नाहीये. १९५९ सालची, अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातली कडक शिस्तीची शाळा. नवे कीटिंग सर, म्हणजे रॉबिन विल्यम्स, पाठ्यपुस्तकाची प्रस्तावना वाचायला लावतात. तिच्यात कवितेची थोरवी चक्क आलेख काढून मोजलेली. सर सांगतात, फाडा ही पानं! टर्रकन पानं फाटतात, आपण खूश. पण फाडल्यावर पुढे काय शिकवलं? अमेरिकन कवी व्हिटमनची एखादी ओळ, लेखक थोरोचं एखादं वाक्य. रॉबर्ट फ्रॉस्टच्या दोन वाटांच्या कवितेतला तर फक्त शेवट उचललाय, कमी मळलेली वाट धरल्याचा. दोन्ही वाटा जवळपास सारख्याच तुडवलेल्या होत्या, हे फ्रॉस्टनं त्याच कवितेत आधी लिहून ठेवलंय. साहित्याचे प्राध्यापक केविन डेटमार यांनी २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’ या अमेरिकन मासिकात नेमकं यावरच बोट ठेवलं.

प्रेक्षकांना याचं सोयरसुतक नव्हतं. जेमतेम पावणेदोन कोटी डॉलरच्या आत बनलेल्या सिनेमानं जगभरात २३ कोटींहून जास्त कमावले, टॉम शुलमनला पटकथेचं ऑस्करही मिळालं.

माझं म्हणणं असं, की शिकवणं हे कॅमेऱ्यात मावतच नाही. सिनेमाला जूनमधला पहिला तास हवा आणि निरोपाचा शेवटचा. मधला ऑगस्ट, सहामाही, वह्यांचे गठ्ठे दाखवले तर कोण बघेल? आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाई होत्या. ‘ही कविता अतिशय सुंदर व हृदयस्पर्शी आहे’ असं लिहिलं की समासात लाल शाईनं एकच शब्द उमटायचा : ‘कशावरून?’ वर्षभर तेच. कुठल्या शब्दामुळे, कुठल्या ओळीमुळे, ते दाखवल्याशिवाय सुटका नाही. त्यांच्यावर सिनेमा काढला तर मध्यंतरातच थिएटर रिकामं होईल. पण पडद्यावरचा तो गाळलेला मधला भाग प्रेक्षक आपापल्या बाईंनी भरून काढतो, आणि रडतो ते बहुधा त्यांच्यासाठी. समीक्षक पडद्यावर जेवढं आहे तेवढंच तपासतो. दोघांचा हिशेब जुळायचा कसा?

२०१४ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्स गेला तेव्हा लोक टेबलांवर उभे राहून त्याला सलाम करत होते. टीव्हीवर सूत्रसंचालक जिमी फॅलनही चढला. हे आलं सिनेमातल्या अखेरच्या प्रसंगातून. सरांना काढून टाकलंय, मुख्याध्यापक स्वतः तास घेतायत. त्यांना प्रस्तावनेपासूनच सुरुवात करायची आहे, पण सगळ्यांच्या पुस्तकांतली ती पानं गायब. शेवटी स्वतःचं पुस्तक पुढे करावं लागतं. (हा विनोद कुणाच्याच लक्षात राहत नाही.) मग सामान न्यायला आलेल्या सरांसाठी लाजरा टॉड आधी बाकावर चढतो, मागोमाग इतर. हे बघून ईबर्टला म्हणे मळमळलं.

पण तो प्रसंग पुन्हा लावा आणि चढणाऱ्यांऐवजी बाकीचे बघा. सगळा वर्ग उठत नाही. बरीच मुलं माना खाली घालून बसूनच राहतात. दिग्दर्शक पीटर वेअरनं त्यांना उठवलेलं नाही. याच सरांनी याच वर्गात शिकवलेली मुलं ती. एवढ्यासाठी मी ईबर्टच्या दोन ताऱ्यांत तिसरा घालीन.