हजर

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आई कानाला रुमाल बांधून झोपली आहे. डोंगरावर वारा फार होता. मला मात्र झोप नाही. सकाळचा एक प्रश्न मनातून जात नाही, आणि तो विचारून आई मोकळी झाली.

मस्कतहून आम्ही दोघी ओमानच्या डोंगरात निघालो होतो. निझ्वाच्या रस्त्याला सुमाईल गाव मागे पडलं आणि उजवीकडे तो मोठा राखाडी कडा उभा राहिला. नेहमी राहतो तसाच. माझा डावा हात स्टिअरिंगवर होता, उजवा आपोआप छातीला लागला, मग ओठांना. एसटी परशुराम घाटात आली की अख्खी बस करते ना, तसा. मला कळलंही नाही. आई वाकून खिडकीतून बाहेर बघायला लागली. देऊळ शोधत होती. नुसता दगडच दिसला तेव्हा म्हणाली, "इथे कुठलं देऊळ?"

"काही नाही गं, सवय," म्हटलं.

"घरच्या देवाला हात जोडायला तुला वेळ होत नाही," ती म्हणाली. रागाने नाही, हळूच. निझ्वा येईपर्यंत दोघी गप्प.

तिचं खरं आहे. ती यायच्या आधी निरांजन किती दिवस लागलं नव्हतं ते ताम्हनाच्या रंगावरून तिला आल्या दिवशीच समजलं असणार. ती जुन्या मस्कतमधल्या मोतीश्वराच्या देवळात गेली की तासभर बसते, मी दहा मिनिटांत बाहेर येते. मग हात तिथे न जाता इथे कसा गेला? कुणाला केला मी नमस्कार?

सुरुवातीला हे डोंगर मला बघवत नसत. चिपळुणात एखाद्या दिवसात पडतो तेवढा पाऊस मस्कतला वर्षभरात पडतो. आमचेही डोंगर मेमध्ये उघडेच असतात, पण तेव्हा ते वाट बघत असतात. आठवडाभरात हिरवे होणार हे त्यांनाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. हे कशाचीच वाट बघत नाहीत. घरी फोनवर मी सांगायचे, इथे जळून गेलेले डोंगर आहेत.

मग ते वर्ष आलं. त्याबद्दल आज नको. एवढंच की फेब्रुवारीत मी एकटीच गाडी घेऊन जबल शम्सला गेले. जबल म्हणजे डोंगर, शम्स म्हणजे सूर्य. खरं शिखर तीन हजार मीटरच्या आसपास, तिथे लष्कराचं ठाणं आहे, जाऊ देत नाहीत. आपण जातो ते त्याच्या खालच्या पठारावर, दरीच्या काठाशी. वादी नखरची ती दरी काठावरून जवळपास हजार मीटर खोल जाते. मी काठावर बसले. एक बकरी आली, माझी पिशवी हुंगून गेली. तीन-चार तास बसले असेन. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. त्या वर्षात जो भेटेल तो मला काहीतरी विचारत होता: कसं झालं, आता काय करणार, परत कधी येणार. त्या दरीने मला काहीच विचारलं नाही. समजूतही काढली नाही.

म्हणजे हा नमस्कार न विचारल्याबद्दलचा? इतकंच? तसं असेल तर ती ओढ कसली, तो नुसता एकटेपणा झाला. परदेशात एकटी राहणारी बाई डोंगराला जीव लावते, कारण जीव लावायला दुसरं कुणी उरलेलं नाही. दुपारभर हेच डोक्यात होतं. आई शेजारी बसून मेथीचे ठेपले पुढे करत होती आणि मी मनातल्या मनात स्वतःची कीव करत होते. नऊ वर्षं झाली इथे. शुक्रवार उजाडला की बोलायला कुणी नाही. दादाच्या फोनचंही तसंच, पण ते जाऊ दे.

ते पुरतं खरं नाही, हे लिहिताना जाणवतंय. एकटेपणा नव्हता तेव्हाही ओढ होतीच. अनघा आणि मंडळी आली होती, मागे पाच जणांचा गलका चालू होता, तरी सुमाईलपाशी मी बोलता बोलता थांबले होते. अनघाने तेव्हा विचारलंही होतं, काय झालं म्हणून.

या सगळ्या रांगेचं नाव हजर. वर मुसंदमपासून खाली सूरच्या बाजूपर्यंत साधारण सातशे किलोमीटर. अरबीत हजर म्हणजे दगड. आपला हजर वेगळा, तो दुसऱ्या अरबी शब्दावरून आला, पण माझ्या कानाला तो वेगळा होतच नाही. शाळेत बाई नाव घ्यायच्या आणि आपण म्हणायचो, हजर. मस्कतच्या रुवी भागात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून याच रांगेचं एक काळपट टोक दिसतं. रोज सकाळी दूध तापवताना ते समोर असतं. हजर.

आणि तो काळा दगड इथला नाहीच मुळी. तो समुद्राच्या तळाचा, काही ठिकाणी तर तळाच्याही खालचा, पृथ्वीच्या प्रावरणातला. साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी महासागराखाली घडला, आणि मग भूखंडाच्या रेट्यात तो अख्खा तळच अरबस्तानच्या कडेवर चढून बसला. एरवी जे खोदून हाती लागत नाही ते इथे हायवेच्या कडेला उघडं पडलंय. ते बघायला जगभरातून भूगर्भवाले येतात. आपला सह्याद्री साडेसहा कोटींच्या सुमाराचा, म्हणजे याच्या मानाने धाकटाच. वरचा जबल शम्स त्या काळ्या दगडाचा नाही, चुनखडीचा आहे, पण ती चुनखडीही उथळ समुद्रात साचलेली. तिच्यात शिंपल्यांचे ठसे सापडतात.

हे आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा नीट वळून बघायला लागली. "म्हणजे इथेही समुद्र मागे हटला?" म्हणाली. परशुरामाने बाण मारला आणि समुद्र हटून कोकण झालं, हे ऐकत आमच्या घरातली सगळी मुलं जेवली आहेत. मी म्हटलं, इथे समुद्र मागे हटला नाही गं, त्याचा तळच वर आला. ती म्हणाली, "कुणी आणला?" मला उत्तर देता आलं नाही. भूखंडांचा रेटा वगैरे सांगून झालंच होतं. ती ते विचारत नव्हती.

उतरताना मिसफातला थांबलो. डोंगराला चिकटलेलं मातीचं गाव, खजुराची बाग, आणि मधून फलज वाहतोय. फलज बघितल्यावर आईचा चेहराच बदलला. "अगो, हा तर पाट!" चपला काढून तिने पाय सोडले. पाणी वाटून घ्यायची इथली पद्धत सांगितली तिला: प्रत्येक बागेची पाळी ठरलेली, दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून वेळ मोजायचे. आमच्या आगरात पाटाच्या पाळीवरून आजोबांची कोर्टापर्यंत गेलेली भांडणं तिने मला सांगितली, ती मला माहीतच नव्हती. बराच वेळ बसलो. पाणी कोमट होतं. ते या कोरड्या दगडाच्या पोटातून येतं, आणि वरून बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

प्रश्न सुटलाय असं नाही. हात कुणाला जोडला ते अजूनही सांगता येणार नाही. गावच्या प्रत्येक डोंगराला देव आहे, त्या देवाला गुरव आहे, जत्रेची तिथी आहे, नवस आहे. याला माझ्याकडून काहीच नको, आणि मीही याच्याकडे काही मागितलेलं नाही. मग तो नमस्कार तरी म्हणायचा का? पुढच्या वेळी सुमाईलपाशी हात छातीला जाईल, एवढं मात्र माहीत आहे. गेला तर जाऊ दे. मी अडवणार नाही, आणि आई शेजारी असली तरी सवय म्हणणार नाही.

एक राहिलं. माझ्या खोलीची खिडकी दक्षिणेला आहे, तिच्यातून तेच टोक दिसतं. नऊ वर्षं मी खिडकीकडे पाय करून झोपते, म्हणजे उजाडताना डोळे उघडले की ते समोर असतं. आल्या दिवशी आई म्हणाली होती, दक्षिणेकडे पाय करून झोपू नये. मी ऐकलं नाही आणि तिने पुन्हा विषय काढला नाही. आज खोलीत आले तर माझी उशी खिडकीच्या बाजूला ठेवलेली. चादरही फिरवून घातली होती. दक्षिण म्हणून, की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही, तोवर तिने दिवा मालवला होता.

तशीच आडवी होऊन लिहितेय. डोंगर आता उशाशी आहे, दिसत नाही.